घटसर्प: म्हशीचा आणि मुलाचा

गोष्ट मे महिन्यातली. आमच्या करंजाड्यात दूध घालणारे दादा दारातच म्हणाले, "वहिनी, दोन दिवस दूध जरा कमी येईल हां. पाऊस तोंडावर आलाय, म्हशींना घटसर्पाची लस टोचून घेतली."

मी भांडं हातात धरून उभीच. घटसर्प तर लहान मुलांना होतो ना? शाळेला सुट्टी होती, म्हणून पुस्तकं काढून बसले. नाव एक, पण रोग दोन! गुरांचा घटसर्प पाश्चुरेला नावाच्या जंतूमुळे होतो. मुलांचा, म्हणजे डिप्थेरिया, अगदी निराळ्या जंतूमुळे. दोन्हींत गळा सुजून श्वास कोंडतो, एवढंच काय ते साम्य.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली. पाश्चुरेलाच्या काही जाती एक विष तयार करतात. डुकरांचं नाक वाकडं करणारं ते हेच. 2002 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ते उंदरांच्या नवजात पिलांच्या हृदयपेशींवर घालून पाहिलं. हृदयाच्या पेशींची संख्या जन्मानंतर फारशी वाढत नाही. कामाचा बोजा वाढला की आहेत त्याच पेशी जाड होतात. "जोर लाव" हा निरोप आत पोचवणारं एक बटणच पेशीत असतं म्हणा ना. दारावरच्या बेलचं बटण कधी आत अडकतं आणि बेल थांबतच नाही, तसं हे विष ते बटण अडकवून ठेवतं. दारात कोणी नाही, तरी घरातली माणसं धावताहेत! पेशी फुगत जातात आणि मरायलाही लवकर टेकतात. अर्थात हा प्रयोग काचेच्या बशीतला. हा जंतू मांजरांच्या तोंडातही असतो, पण म्हणून मनीला घराबाहेर काढू नका.

डिप्थेरियाचं विष मात्र खरोखर मुलांच्या हृदयावर उठतं. जंतू घशातच राहतो, विष रक्तातून हिंडतं. पेशीत प्रथिनं बनण्याचं कामच ते बंद पाडतं. स्नायू दुबळा होतो, हृदय पसरतं, ठोके चुकतात. आणि हे पुष्कळदा दुसऱ्या आठवड्यात होतं, घसा बरा दिसू लागल्यावर! पोर खेळायला निघालं की आपल्याला हायसं वाटतं. नेमकं तेव्हाच त्याला अंथरुणात ठेवायला हवं. घशात करडी, सायीसारखी चिकट पापुद्री दिसली तर खरवडू नका, तडक दवाखाना गाठा.

लशीत हेच विष निरुपद्रवी करून घातलेलं असतं. दीड ते साडेतीन महिन्यांचे डोस आपण विसरत नाही. दीड-दोन वर्षांचाही देतो. पुढचे, पाच ते सहा वर्षांचा, दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचा, हे राहून जातात. मी कपाटातून चिरंजीवांचं कार्ड काढलं. पाचव्या वर्षाचा रकाना कोरा! आणि मी शाळेतली बाई, दुसऱ्यांच्या आयांना कार्डं विचारणारी. दादांनी म्हशींची तारीख चुकवली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी आरोग्य केंद्रात गेलो. दंड दुखतो म्हणून स्वारीने संध्याकाळपर्यंत खाटेवरूनच हुकूम सोडले.