आफ्रिकेतील छोट्या शेतकऱ्यांचे भात उत्पादन : प्रकल्प कोठे फळतो, कोठे अडतो

भात हे पीक आशियाचे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या अंतर्गत त्रिभुज प्रदेशात तेथील शेतकऱ्यांनी स्वतःचा वेगळा भात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लागवडीखाली आणला. शास्त्रीय भाषेत त्यास ओरायझा ग्लॅबेरिमा असे म्हणतात. सुरुवातीच्या काळात त्याची रुंद पाने जमीन झाकतात, त्यामुळे तण दबते. मात्र तो लोळतो आणि पक्व होताच दाणे झडतात. आशियाई भात नंतर तेथे पोहोचला व आज बहुतेक क्षेत्र त्याखाली आहे.

असे असूनही सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील देशांचे सरासरी भात उत्पादन हेक्टरी सुमारे २० क्विंटलच्या आसपास, म्हणजे जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. खाणारी तोंडे वाढली, शहरे वाढली, आणि तूट आयातीने भरून निघते. सेनेगलसारख्या देशात तर कणीलाच खास मागणी असून ती आशियातून जाते. भारताने सप्टेंबर २०२२ मध्ये कणीच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मार्च २०२५ मध्ये उठली. आपल्या गिरणीतली कणी आणि डाकारमधील स्वयंपाकघर यांचा संबंध इतका जवळचा आहे!

या देशांत गेली पन्नास वर्षे भात उत्पादन वाढीचे अनेक प्रकल्प राबविण्यात आले. काही फळले, काही पैसा संपताच आटोपले. त्यांपैकी काहींची माहिती येथे देत आहे. आपल्या गावात एखादी योजना आली, किंवा आपल्यापैकी कोणी गटशेतीचे काम हाती घेतले, तर ती उपयोगी पडेल.

वाण कोणी निवडावा?

पश्चिम आफ्रिका भात विकास संघटना ही १९७१ साली अकरा देशांनी मिळून स्थापन केली. आज तीच संस्था आफ्रिका राइस या नावाने ओळखली जाते. १९९० नंतरच्या दशकात तेथे सिएरा लिओनचे शास्त्रज्ञ डॉ. माँटी जोन्स यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकी व आशियाई भाताचा संकर यशस्वी झाला. या दोन जातींच्या संकराचे बी सहसा वांझ निघते. त्यासाठी गर्भ वाचवून तो प्रयोगशाळेत वाढवावा लागला. या वाणांना ‘नेरिका’ असे नाव देण्यात आले व डॉ. जोन्स यांना २००४ चे जागतिक अन्न पारितोषिक विभागून मिळाले.

मला संकरापेक्षा पुढची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षी गावाजवळच्या एका प्लॉटवर साठपर्यंत वाण शेजारी शेजारी लावावयाचे आणि शेतकऱ्यांनी, त्यात स्त्रियांनीही, पिकाच्या वेगवेगळ्या अवस्थांत येऊन आपल्या पसंतीचे वाण सांगावयाचे. दुसऱ्या वर्षी निवडलेले पाच-सहा वाण त्यांनी स्वतःच्या शेतात लावून पाहावयाचे. तिसऱ्या वर्षी मात्र बियाणे विकत घ्यावयाचे. पदरचा पैसा घालून जे बी शेतकरी नेतो, तेच त्याला खरोखर हवे असते. फुकट बियाण्याची मागणी ही मागणी नव्हे.

या निवडीत शास्त्रज्ञांच्या ध्यानी न आलेल्या गोष्टी पुढे आल्या. पुष्कळ स्त्रियांनी उंच वाढणारा वाण पसंत केला. पाठीशी मूल बांधून एकेक लोंबी चाकूने कापणाऱ्या बाईला ठेंगणा भात म्हणजे दिवसभर वाकणे.

तरीही वाण एकटा काही करीत नाही. युगांडात २००४ मध्ये नेरिका लावणाऱ्यांपैकी पाहणीतील निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांनी २००६ पर्यंत तो सोडून दिला. ज्या भागात पाऊस अपुरा, तेथे दुसऱ्या पिकाच्या तुलनेत त्यात नफा उरेना. वरकस जमिनीवर टारफुल्याचाही उपद्रव असतो. आपण तो ज्वारीत पाहतो, तेथे तो भातातही येतो. क्षेत्राची निवड न करता सरसकट बी वाटले की असेच व्हायचे.

इलोंगा येथील अनुभव

टांझानियातील मोरोगोरो प्रांतात इलोंगा नावाची लहान सिंचन योजना आहे. तेथे जपानच्या मदतीने २००९ मध्ये भात प्रशिक्षण घेण्यात आले. सर्व शेतकऱ्यांना एकदम बोलावले नाही. प्रथम मोजके ‘मुख्य शेतकरी’ निवडून त्यांना प्रशिक्षण केंद्रात शिकविले. त्यांनी गावी परतून प्रत्येकी काही शेजाऱ्यांना शिवारातील प्रशिक्षणात सामील करून घ्यावयाचे, आणि त्यांच्याकडून इतरांनी शिकावयाचे, अशी साखळी होती. शिकविलेल्या गोष्टी आपल्याला ओळखीच्या वाटतील : बांधबंदिस्ती, खाचराचे सपाटीकरण, ओळीत लावणी, सुधारित वाण व खताचा वापर. सपाटीकरण वगळून बाकीचे केले तर उंचवट्यावर तण माजते, खोलगट भागात रोपे बुडतात आणि खत पाण्याबरोबर एका कोपऱ्यात जाते. म्हणून सपाटीकरणाला मी खताच्या आधी मान देतो.

प्रशिक्षणापूर्वी, २००८ मध्ये, मुख्य शेतकऱ्यांचे उत्पादन हेक्टरी सुमारे ३१ क्विंटल होते. पुढील चार वर्षांत ते ५३ क्विंटलपर्यंत गेले. ज्यांना थेट काहीच शिकविले नव्हते, त्या सर्वसाधारण शेतकऱ्यांचे उत्पादन २६ वरून ३७ क्विंटलवर आले. म्हणजे विद्या बांध ओलांडून गेली, पण सावकाश. प्रकल्प एका हंगामानंतर तपासला असता तर मुख्य शेतकऱ्यांनाच फायदा झाला, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले असते. निदान चार हंगाम धीर धरावयास हवा, आणि मुख्य शेतकरी निवडताना तो गावातला सर्वांत मोठा जमीनदार नसावा. शेजाऱ्याला त्याच्या बांधावर जाताना संकोच वाटता कामा नये.

काम कोणाचे, धान्य कोणाचे?

गँबियात मंडिंका समाजात परंपरेने पुरुष भुईमूग व बाजरी करीत, तर दलदलीतील भात स्त्रियांचा असे. स्वतःच्या तुकड्यावरील भातावर स्त्रीचा स्वतःचा हक्क असे. १९८४ मध्ये जहाली-पचार येथे मोठी सिंचन योजना सुरू झाली व वर्षात दोन पिके शक्य झाली. स्त्रियांची नावे कागदावर लागली. परंतु ते तुकडे घराच्या सामाईक जमिनीत धरले गेले आणि पिकावर कुटुंबप्रमुखाचा ताबा आला. बाईचे काम दुप्पट झाले आणि तिचा हिस्सा गेला. पुष्कळ स्त्रियांनी त्या शेतावर राबण्यास नकार दिला. काहींनी श्रमाचा मोबदला भातात मागितला, तर काही जणी गट करून इतरांकडे मजुरीवर जाऊ लागल्या. पाणी होते, बी होते, खत होते; लावणीला हात नव्हते. भगिनींनो, याची उदाहरणे आपल्या लावणीच्या चिखलातही सापडतील.

खत, मळणी आणि पाखरे

जून २००६ मध्ये अबुजा येथे आफ्रिकी देशांनी खताचा वापर हेक्टरी ८ किलोवरून २०१५ पर्यंत ५० किलो अन्नद्रव्यांवर नेण्याचे ठरविले. ते साध्य झाले नाही. बंदरापासून दूर असलेल्या देशात वाहतुकीनेच पोते महाग होते. अशा ठिकाणी आहे ते खत वाया न घालविणे महत्त्वाचे. येथे आपल्या कोकणाशी एक नाते आहे. चारसूत्री पद्धतीचे प्रवर्तक डॉ. एन. के. सावंत यांनी अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात खोलवर युरिया देण्याच्या पद्धतीवर काम केले होते. चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सें.मी. खोल ब्रिकेट खोचण्याची तीच रीत पुढे त्या केंद्राने पश्चिम आफ्रिकेतील ओलिताच्या भातात नेली. तिला पाणी नियंत्रणात हवे आणि खोचायला मजूर हवेत, ही अडचण दोन्हीकडे सारखीच.

काढणीनंतरचा भाग बहुतेक प्रकल्प विसरतात. सेनेगलच्या खोऱ्यात १९९० नंतरच्या दशकात फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या नमुन्यावरून ‘असी’ नावाचे मळणी यंत्र तयार करण्यात आले. ते स्थानिक कारागिरांना बनविता व दुरुस्त करता येईल असे ठेवले, म्हणून टिकले. क्वेलिया नावाच्या चिमणीएवढ्या पाखरांचे थवे लाखांनी उतरतात. दाणा भरताना मुलाबाळांसह राखणीला बसावे लागते. एकट्यानेच लवकर येणारा वाण लावला तर सगळे थवे त्याच्याच शेतावर. म्हणून शिवारात एकाच वेळी पेरणी व्हावी, हे गटाने ठरवावयाचे असते.

शेवटी मोजमापाविषयी. प्रात्यक्षिक प्लॉटचे आकडे अहवालात छान दिसतात, पण कापणी प्रयोग चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सामान्य शेतात करावा. ५ × ५ मीटरच्या चौकोनात १२ किलो भात मिळाला तर हेक्टरी ४८ क्विंटल, असा हिशेब केला जातो. परंतु दाण्यात २० टक्के ओलावा असेल तर १२ ला ८० ने गुणून ८६ ने भागावे. १४ टक्के ओलाव्यास वजन ११.१६ किलो येते, म्हणजे हेक्टरी ४४.६ क्विंटल. सुमारे ३.४ क्विंटलची ‘वाढ’ नुसत्या पाण्याची होती.