बेगमी असावी, साठेबाजी नको

शबे-बरात उलटली की मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाचा चेहरा बदलतो. खजुराच्या पेट्या पुढे येतात, शेवयांची पाकिटे दारात टांगली जातात, सरबताच्या लाल बाटल्यांचा मनोरा रचला जातो. गल्ल्यावरचा वाणी ओळखीच्या गिऱ्हाइकाला सांगतो, ‘‘भाभी, साखर सुटी कशाला, पाच किलोची पिशवीच न्या. बेसनावर एकावर एक आहे, उद्या मिळणार नाही.’’ भाभींच्या एका हातात वहीच्या पानावरची यादी असते, दुसऱ्या हातात मोबाइल. मोबाइलवर ॲपने पाठवलेले कूपन : पाचशेच्या खरेदीवर पन्नास रुपये सूट, मुदत आज रात्रीपर्यंत. यादीचे ऐकायचे की कूपनाचे, हा रमजानआधीच्या आठवड्यातला घरोघरचा प्रश्न.

रोजा म्हणजे पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्ताच्या इफ्तारपर्यंत अन्नपाणी वर्ज्य. दिवसाचे जेवण बंद, म्हणजे किराणा कमी लागायला हवा. बहुतेक घरांत घडते मात्र उलटे. चूल दिवसभर थंड असते, तरी गॅस लवकर संपतो. इफ्तारची भजी, समोसे, फळे, सरबत, आल्यागेल्याचे ताट, मशिदीत पाठवायचा डबा आणि शेवटी ईदचा शीरखुर्मा, सगळे त्याच एका पगारात बसवायचे असते. दिवाळीच्या फराळाचे सामान भरणाऱ्या शेजारच्या घरातही गणित याहून वेगळे नसते. म्हणून स्वस्त कुठे मिळेल आणि किती भरून ठेवावे, हा विचार गैर नाही. तो संसाराचाच भाग आहे. मात्र बचत कशाला म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते.

कूपन कुणाच्या सोयीचे?

समजा, यादीतले सामान ३८० रुपयांचे आहे. पन्नास रुपयांची सूट मिळावी म्हणून आणखी १२० रुपयांची बिस्किटे आणि सरबत टोपलीत टाकले. बिल झाले ४५० रुपये. पावतीवर ठळक छापून येते, ‘आपली बचत ५० रुपये’. प्रत्यक्षात घरातून ७० रुपये जास्त गेले.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात १८८७ साली कोका-कोलाचा एक ग्लास फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. आजच्या कूपनांची सुरुवात तिथून सांगितली जाते. त्यामागचा हेतू लोकांची तहान भागवण्याचा नव्हता, त्यांना चव लावण्याचा होता. कूपनाचा स्वभाव अजून तोच आहे. ज्या वस्तूची गरज यादीत आधीच लिहिलेली आहे, तिच्यावर कूपन मिळाले तर ते जरूर वापरावे. कूपन पाहून यादी वाढली, तर फायदा विकणाऱ्याचा.

मोठे पाकीट नेहमी स्वस्तच असते, हाही समज तपासून घ्यावा. पाकिटावर एमआरपीच्या जोडीला आता एका ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दर छापलेला असतो. तुलना त्या दराची करावी. एक लिटरची वाटणारी तेलाची पिशवी वजनाला कमी असू शकते, आणि दोन छोट्या पुड्या कधी एका मोठ्या पुडीपेक्षा स्वस्त पडतात. ‘एकावर एक’च्या मालाची तारीख तर आधी पाहावी. ‘बेस्ट बिफोर’ उलटली तर पदार्थाची चव आणि दर्जा उतरू लागतो. ‘एक्सपायरी’ उलटलेली वस्तू मात्र खाऊच नये. मार्चमध्ये संपणारे दोन किलो बेसन एका किलोच्या किमतीत मिळाले आणि त्यातले किलोभर फेकावे लागले, तर ते फुकट कसले?

ऋतू पाहून भरणा

बेगमी हा शब्द मराठी घराला नवा नाही. उन्हाळ्यात वर्षाचा गहू, डाळी, मिरची भरायची, पापड-कुरडया-शेवया वाळवायच्या, ही रीत मुस्लिम आणि हिंदू दोन्ही घरांतली. कोकणात पावसाळ्याआधीच्या या भरण्याला आगोट म्हणतात, गोव्यात पुरुमेंत.

रमजानचे मात्र एक वेगळेपण आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हा महिना दरवर्षी मागे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. त्यामुळे भर पावसाळ्यातल्या रमजानची यादी फेब्रुवारी-मार्चमधल्या रमजानला जशीच्या तशी चालत नाही. या दिवसांत नवी तूर बाजारात आलेली असते, हरभऱ्याची सुगी सुरू असते. तेव्हा चणाडाळ आणि तूरडाळ भरायला हरकत नाही. गव्हाचा हंगाम पुढे मार्च-एप्रिलमध्ये येतो. मग रमजानच्या नावाने जुना गहू पोत्याने घेण्यात काय अर्थ? महिन्यापुरता घ्यावा आणि वर्षाचा भरणा ईदनंतर करावा.

साठवण्याचीही शिस्त असते. बेसनापेक्षा चणाडाळ जास्त टिकते, म्हणून डाळ भरावी आणि लागेल तशी दळून आणावी. रवा कोरडा भाजून ठेवावा. तांदूळ-डाळीला एरंडेल चोळायची आजीची रीत अजूनही उपयोगी पडते. नवे सामान मागे, जुने पुढे, एवढा एक नियम पाळला तरी डब्याच्या तळाशी पोरकिडे सापडत नाहीत. तेल, सुका मेवा, खजूर या गोष्टी स्वस्त मिळाल्या तरी दोन महिन्यांच्या वर भरू नयेत. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना खवटपणा किंवा कीड लागायला वेळ लागत नाही.

धर्माने आखलेली रेघ

भरून ठेवणे म्हणजे अल्लाहवर भरवसा नसणे, असे कधीकधी बोलले जाते. पण प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी बनू नजीरच्या बागांतल्या खजुरांतून आपल्या कुटुंबासाठी वर्षभराचे अन्न राखून ठेवल्याची नोंद सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे. कुरआनात हजरत यूसुफ यांची कथा येते. सुगीच्या सात वर्षांतले धान्य कणसातच राखून ठेवायचा सल्ला ते देतात आणि पुढची दुष्काळाची सात वर्षे त्यावर निभावतात. हीच कथा बायबलमध्येही आहे.

त्याच वेळी, भाव चढावा म्हणून माल दाबून ठेवणे, ज्याला अरबीत ‘इहतिकार’ म्हणतात, ते हदीसने पाप ठरवले आहे. भारतातला १९५५चा जीवनावश्यक वस्तू कायदाही व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारला देतो. दोन्हीकडचे तत्त्व एकच : घराच्या गरजेपुरते राखणे ही बेगमी, दुसऱ्याच्या गरजेवर टपून राखणे ही साठेबाजी. जकातीच्या नियमातही हा फरक दिसतो. घरात खाण्यासाठी भरलेल्या धान्यावर जकात नाही. दुकानदाराच्या विक्रीच्या मालावर मात्र, तो निसाबच्या मर्यादेत येत असेल तर, वर्षाला अडीच टक्के आहे.

मराठी माणसाला दामाजीपंताची कथा ठाऊक असते. मंगळवेढ्याचा हा अधिकारी बिदरच्या बादशहाच्या चाकरीत होता. दुष्काळ पडला तेव्हा त्याने सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली, असे परंपरा सांगते. कोठार भरलेले होते म्हणूनच ते उघडता आले. पण दामाजी लोकांच्या लक्षात राहिला तो कोठार उघडल्यामुळे.

ज्याला भरता येत नाही

या सगळ्या हिशेबात एक घर सुटून जाते. रोजंदारीवरच्या मजुराच्या हाती संध्याकाळी पैसे येतात आणि त्याच संध्याकाळी ते किराण्यात जातात. पाव किलो साखर, शंभर ग्रॅम तेल, चहाची छोटी पुडी. पाच किलोच्या पिशवीवरची सूट त्याच्यासाठी नसते, ॲपवरचे कूपनही नसते. किलोच्या हिशेबाने पाहिले तर गावातला सर्वात महाग किराणा बहुधा सर्वात गरीब माणूसच घेतो. घाऊक भावाचा फायदा मिळवायला आधी गाठीला रक्कम लागते, आणि तीच त्याच्याकडे नसते.

यावरचे उपाय मोहल्ल्यातच आहेत. महिला भिशी चालवतात, तशी किराण्याची भिशी चालवता येते. दरमहा थोडी रक्कम जमवावी, रमजानआधी घाऊक बाजारातून एकत्र माल आणावा आणि वाटून घ्यावा. दहा घरांत दोन रोजंदारीची घरे असली, तर त्यांनाही पोत्याचा भाव मिळतो. ही भिशी मुस्लिम घरांपुरतीच असावी असेही नाही. पाडवा आणि दिवाळीचे सामानही याच रीतीने येऊ शकते.

दुसरा उपाय धर्मानेच दिलेला आहे. ईदच्या नमाजआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, तान्ह्या मुलामागेसुद्धा, फितरा द्यायचा असतो. हनफी रीतीने तो अर्धा साअ गहू, म्हणजे साधारण पावणेदोन ते दोन किलो, किंवा तेवढ्या गव्हाची किंमत. बहुतेक घरांत तो चाँदरातीला घाईघाईने दिला जातो. घेणाऱ्याला मग त्या रात्री, चढ्या भावात, मिळेल ते घ्यावे लागते. तोच चार-सहा दिवस आधी पोहोचला तर त्यालाही भाव पाहून, निवडून खरेदी करता येते. ईदचा शीरखुर्मा त्याच्याही घरी वेळेवर शिजतो.

बचतीचा प्रश्न शेवटी इथे येऊन ठरतो. कूपनातून, घाऊक भावातून, जुनी यादी नीट तपासून समजा चारशे रुपये वाचले. ते आणखी एका सरबताच्या बाटलीत गेले, तर वाचले काहीच नाही. म्हणून यादी करतानाच शेवटची ओळ लिहून ठेवावी : वाचलेले पैसे कुणाचे. कुणासाठी ती मुलाच्या वहीपुस्तकांची ओळ असेल, कुणासाठी जुनी उधारी फेडण्याची, कुणासाठी कोपऱ्यावरच्या विधवेच्या घरी जाणाऱ्या पिशवीची.

इफ्तारच्या वेळी पहिला घास खजुराचा असतो. दिवसभराची भूक भागवायला एक खजूर आणि घोटभर पाणी सुरुवातीला पुरते, हे रोजेदाराला रोज कळते. यादी करायला बसताना ते आठवले, तर पाचशेच्या कूपनासाठी १२० रुपयांचे जास्तीचे सामान टोपलीत पडणार नाही.