रोलर कोस्टरची भीती आणि सहलीतला खरा धोका

सुट्ट्या लागल्या की जालना, अंबड, भोकरदन, परतूरकडच्या घरांत इमॅजिकाचा विषय निघतो. पाठोपाठ घरातल्या मोठ्यांचा आक्षेप येतो: एवढ्या उंचावर उलटं टांगून फिरवतात, तिथे पोरं पाठवायची कशी? ही काळजी खरी आहे, पण तिचा रोख चुकतो. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेलं हे उद्यान जालन्याहून संभाजीनगर, अहिल्यानगर, पुणे या वाटेने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. त्यामुळे ‘एका दिवसाची सहल’ म्हणजे प्रत्यक्षात रात्री निघायचं, दिवसभर उन्हात रांगा लावायच्या आणि पुन्हा रात्रीच परत फिरायचं. या सगळ्यात जीव ज्याला घाबरतो ते यंत्र तुलनेने सुरक्षित असतं आणि ज्याची कुणालाच भीती वाटत नाही तो परतीचा रस्ता घात करतो.

आधी यंत्राचं बघू. तिथल्या ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरची उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे, आणि वाटेत गाडी पाच वेळा उलटी होते. एवढा वेग म्हणजे गाडीला दणकट इंजिन असणार, आणि ते बिघडलं तर संपलंच, असा बहुतेकांचा समज असतो. पण नायट्रोच्या गाडीला इंजिनच नसतं. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि पुढचा सगळा प्रवास गुरुत्वाकर्षणावर चालतो. चढताना जो कटकट आवाज येतो, तो ऐकून पुष्कळांच्या पोटात गोळा येतो. बऱ्याच कोस्टरमध्ये तो आवाज असतो गाडीखालच्या खिट्ट्यांचा. त्या एकेका दातावर अडकत जातात, म्हणजे साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही. रुळावरून गाडी उडेल ही भीतीही अशीच. चाकं फक्त रुळाच्या वर नसतात, बाजूला आणि खालूनही असतात, रुळाला तिन्ही अंगांनी धरून. खालच्या चाकांची ही कल्पना जॉन मिलर या अमेरिकी अभियंत्याची, जवळपास शंभर वर्षांपूर्वीची.

उलटं झाल्यावर आपण केवळ पट्ट्यावर लोंबकळतो, हेही अर्धसत्य आहे. मोठ्या वळशात वेगामुळे शरीर आसनावरच दाबलं जातं. पट्टा खरोखर लागतो तो सावकाश पलटणाऱ्या वळणांवर आणि उतारावर अंग उचललं जातं तेव्हा. म्हणून उंचीची अट ही कागदी औपचारिकता नव्हे. खांद्यावरून येणारी कमान मुलाच्या अंगाला नीट बसली नाही, तर ती असून नसल्यासारखी. टाचा उंचावून मापाच्या पट्टीपाशी मुलाला उभं करणारे आईबाप त्याला त्या कमानीबाहेर ढकलत असतात. हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, गरोदरपण, मानेचं किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांनी बसू नये, ही पाटीवरची सूचनाही तितकीच गंभीर आहे. गाडी मध्येच थांबली की ‘बिघडली’ म्हणून ओरडा होतो. पण मार्ग टप्प्यांत विभागलेला असतो आणि पुढचा टप्पा मोकळा नसेल तर यंत्रणा मागच्या गाडीला आपोआप अडवते. ते थांबणं हीच पुष्कळदा सुरक्षितता असते.

मग अपघात होतातच कसे? हा प्रश्न रास्त आहे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरियात लोलकासारखा झुलणारा पाळणा तुटून दोघांचा जीव गेला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या कापसहेडा भागात रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी दगावली. पक्कं बांधकाम आणि तिकिटाची खिडकी म्हणजे सुरक्षिततेची हमी, असं म्हणता येणार नाही, हे या घटना सांगतात. अमेरिकेतल्या उद्यानांबाबत दीड कोटीहून अधिक फेऱ्यांमागे एक गंभीर इजा, असा आकडा तिथल्या उद्योगाची संघटना देते. पण तो उद्योगाचाच आणि तिथलाच, आपल्याकडे जसाच्या तसा लावणं चूक ठरेल. माझा मुद्दा वेगळा आहे. यंत्राची उंची आणि वेग बघून धोका ठरवता येत नाही. तो ठरतो रोजच्या तपासणीवर, झिजलेला भाग वेळेवर बदलण्यावर आणि चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणावर.

याच मोजपट्टीने जत्रेतला पाळणा बघा. राजूरच्या गणपतीला किंवा अंबडच्या मत्स्योदरी देवीला गेलेली माणसं लेकरांना आकाशपाळण्यात निर्धास्त बसवतात, कारण तो ओळखीचा वाटतो. पण फिरता पाळणा दर गावी सुटा होतो आणि पुन्हा जोडला जातो. प्रत्येक जोडणीत एखादी पिन, एखादा बोल्ट राहून जाण्याची नवी शक्यता असते. मोहालीच्या मेळ्यात ४ सप्टेंबर २०२२ ला उंच पाळणा थेट खाली आदळून अनेक जण जखमी झाले, तो असाच फिरता होता. जत्रेतले सगळे पाळणे वाईट, असं मुळीच नाही. बसण्याआधी खाली वाकून पाहावं: पायांखाली ठोकळे घट्ट आहेत का, पिनेच्या जागी तार तर गुंडाळलेली नाही ना, पाळण्याची दारं बाहेरून कडीने बंद होतात का. शंका आली तर बसू नये. पाळणेवाल्याला प्रशासनाच्या परवानगीबद्दल विचारायलाही संकोच नको.

आणि आता रस्ता. २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांत पंधरा हजारांहून अधिक माणसं गेली. जालना जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच महामार्गावर, शेजारच्या सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमाराला खाजगी बस उलटून पेटली आणि २५ जण मरण पावले. त्याच वर्षी ऑक्टोबरात वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्यांची मिनी बस ट्रकवर आदळली, १२ जण गेले. वेळ पुन्हा मध्यरात्रीची. इमॅजिकाची वाट वेगळी आहे, पण वेळ हीच असते. त्यात पोरांना उतरवल्यावर दिवसभर वाहनतळावर तापलेल्या गाडीत पडून राहिलेला चालकच रात्री पुन्हा चाकावर बसतो. त्याची झोप झाली का, हे सहसा कुणी विचारत नाही.

मुक्काम करायचा तर खर्च वाढतो, ही अडचण खरी आहे. पंधरा-वीस जणांच्या सहलीत रात्रीचा मुक्काम माणशी शेकड्यांत जातो, आणि तेवढे पैसे नसतील तर सहल पुढे ढकलावी, असं मला स्पष्टपणे वाटतं. निदान दोन चालक हवेत. दुसरा मार्ग रेल्वेचा. ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झालेली जालना–मुंबई वंदे भारत आता नांदेडहून सुटते आणि कल्याणला थांबते. तिथून कर्जतमार्गे लोकलने खोपोली गाठता येते. पहिला दिवस प्रवासात जातो, दुसरा उद्यानात, तिसऱ्या दिवशी परत.