बॅटरी घेताना लांबचं नको, पायापुढचं बघा

रब्बीचा हंगाम लागला की आपल्याकडे निम्मा गाव रात्रीचा शिवारात असतो. शेतीपंपाची लाईट काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, ही आळीपाळी वर्षानुवर्षे चालत आली. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि जिथे ती पोचली तिथे दिवसाउजेडी पाणी भरता येऊ लागले. पण ज्या फीडरवर अजून रात्रीचेच वेळापत्रक आहे, तिथल्या शेतकऱ्याला खांद्यावर फावडे, हातात काठी आणि काखेत बॅटरी घेऊन निघण्यावाचून गत्यंतर नाही. फावड्याचा दांडा खिळखिळा असेल तर तो निघण्याआधी ठोकून घेतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र 'चालतंय की' म्हणून निघतो.

माझ्या चुलतभावाचीच गोष्ट सांगतो. आठवडे बाजारातून त्याने एक झगझगीत बॅटरी आणली होती. खोक्यावर वॅटचा मोठा आकडा, वर 'एक किलोमीटर फोकस' असे छापलेले. घरासमोर लावली तेव्हा समोरच्या टेकडीवरचे झाड दिसले आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या रात्री गव्हाला पाणी होते. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला बॅटरी मंद झाली आणि थोड्याच वेळात विझली. मोबाईलच्या उजेडात तो बांधावरून परत फिरला, तेव्हा पायाजवळून कुकरची शिट्टी निघावी तसा आवाज आला. वीतभर अंतरावर घोणस वेटोळे घालून बसली होती. तो मागे उडी मारून वाचला. पण त्यानंतर आठ दिवस त्याने रात्रीचे पाणी धरले नाही आणि दोन वाफे वाळले.

या प्रसंगानंतर बॅटरी या वस्तूची मी जरा नीट चौकशी केली. तीच इथे देत आहे. (आपल्याकडे टॉर्चलाही बॅटरीच म्हणतात आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीलाही. या लेखात नुसती 'बॅटरी' म्हटले की हातातली समजावी.)

जुनी दोन-तीन सेलची पत्र्याची बॅटरी आठवून बघा. तिच्यातल्या तारेच्या बल्बला मिळालेल्या विजेपैकी बहुतेक उष्णतेत जाई, उजेड होई शंभरात जेमतेम पाच भाग. सगळा मिळून उजेड दहा-पंधरा ल्युमेनचा. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचे माप. एलईडी दिवा एका वॅटला शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त ल्युमेन देतो. निळा एलईडी साधला म्हणून पांढरा उजेड मिळाला. निळ्या दिव्यावर पिवळा लेप दिला की तो पांढरा दिसतो. त्या निळ्या दिव्यासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एलईडीला जळणारी तार नसते, त्यामुळे बांधावर हातातून पडली तरी 'बल्ब उडाला' असे होत नाही. म्हणजे जुनी बॅटरी बदलून एलईडी घ्यावी यात वाद नाही. मात्र एलईडी लिहिलेली प्रत्येक बॅटरी चांगलीच असेल असे नाही.

टाकी आणि डिस्चार्ज

खोक्यावरचा आकडा खरा की खोटा, हे ओळखायला पाण्याचा हिशेब पुरतो. सेल म्हणजे टाकी आणि दिवा म्हणजे तिला लावलेली तोटी. हल्ली चांगल्या बॅटऱ्यांत लिथियमचा सेल असतो. त्यातल्या सर्वाधिक चालणाऱ्या मापाला १८६५० म्हणतात, म्हणजे जाडी १८ मिलिमीटर आणि लांबी ६५. या सेलमध्ये खरोखर मावते ते २००० ते ३५०० एमएएच. बाजारात त्याच मापाच्या सेलवर ९९०० असेही छापलेले दिसते. एवढ्याशा टाकीत तेवढे पाणी मावतच नाही, ती शुद्ध फसवणूक. २६०० एमएएचच्या सेलमध्ये साधारण नऊ-साडेनऊ वॅट-तास वीज असते. तीन वॅटने जाळली तर तीन तास, दहा वॅटने जाळली तर तासाच्याही आत टाकी रिकामी. मग एकाच सेलवर '५० वॅट, दहा तास' कुठून येणार?

दुसरी मेख उष्णतेची. छोट्या नळीत मोठा दिवा कोंबला की तो तापतो, म्हणून बऱ्याच बॅटऱ्या काही मिनिटांनी उजेड आपोआप कमी करतात. दुकानात अर्धा मिनिट लावून बघण्याला त्यामुळे काही अर्थ नाही. नवी बॅटरी घरी पूर्ण चार्ज करावी, संध्याकाळी लावून घड्याळ बघत ठेवून द्यावी आणि कामाचा उजेड किती वेळ टिकतो ते स्वतः मोजावे. पहिल्याच आठवड्यात हे केले तर परत करायची तरी सोय राहते.

आता फोकसचा प्रश्न. चांगल्या कंपन्या अंतराचा आकडा देतात तो जगभर वापरल्या जाणाऱ्या एका मोजमापाने. जिथे उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, तिथपर्यंतचे ते अंतर असते. चांदण्यात झाड दिसेल, पाचटातला साप दिसणार नाही. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, हेही ध्यानात घ्यावे. आपल्याला पाण्याच्या रात्री लांबचे बघायचे असते ते किती? पाट फुटला का, शेवटच्या सरीला पाणी पोचले का, एवढेच. बाकी सगळे काम पायापुढच्या दहा-पंधरा फुटांत. म्हणून बारीक भाल्यासारखा फोकस नको, पसरट उजेड हवा. शंभर-दोनशे ल्युमेनचा पसरट उजेड चालायला भरपूर होतो. उजेडाचा रंगही बघावा. स्वस्तातल्या निळसर उजेडात तांबडे-तपकिरी रंग मेल्यासारखे दिसतात आणि घोणस असते नेमकी वाळल्या पाल्याच्या रंगाची. किंचित पिवळसर उजेड त्यापेक्षा बरा.

डोक्याला बांधायची बॅटरी हल्ली खूप खपते. फावडे मारताना, पाइप जोडताना दोन्ही हात मोकळे राहतात, सोय मोठी आहे. पण तिची खोड अशी की उजेड डोळ्याच्या शेजारूनच निघतो, त्यामुळे समोरच्या वस्तूची सावली आपल्याला दिसत नाही आणि खड्डा, ढेकूळ, दोरी, साप सगळे सपाट दिसते. शिवाय पाखरे तोंडावर येतात ते वेगळेच. माझे मत असे, की कामाला डोक्याची आणि चालायला हातातली. हातातली कमरेजवळ धरून चालले की जमिनीवरचा लहानसा उंचवटासुद्धा सावलीमुळे उठून दिसतो.

उजेडाने साप पळतो हा गैरसमज आहे. उजेड आपल्याला बाजूला होण्यासाठी असतो. गुडघ्यापर्यंतचे बूट आणि काठी हवीच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेल्याचा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले होते. चावलाच तर आवळून बांधू नये, कापू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. बिबट्याच्या पट्ट्यात, म्हणजे जुन्नर-शिरूरसारख्या उसाच्या भागात, बॅटरीवर भरवसा ठेवून एकट्याने जाण्यात अर्थ नाही. दोघे-तिघे मिळून, बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून जावे.

चार्जिंगची पिन आणि स्टार्टरची पेटी

भिंतीच्या सॉकेटमध्ये थेट खोचायच्या, बुडाला दोन पिना असलेल्या स्वस्त चार्जिंग बॅटऱ्या घरोघर आहेत. यांतल्या अनेकांत विजेचा दाब कमी करायला ट्रान्सफॉर्मर नसतो, आतला भाग थेट मेनलाईनशी जोडलेला असतो. म्हणून चार्जिंगला लावलेली असताना ती हातात घेऊन पेटवू नये, फुटक्या काचेची तर मुळीच वापरू नये. पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणीच चार्ज करावी. आत बहुधा ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडून राहिली की कायमची जाते. 'दोन महिन्यांत खराब झाली' ही तक्रार पुष्कळदा यातूनच येते. यूएसबीवर, म्हणजे मोबाईलच्या चार्जरवर चालणारी लिथियमची बॅटरी या दोन्ही बाबतींत बरी.

स्टार्टरची पेटी उघडताना आणखी एक जपावे. धातूच्या नळीची बॅटरी दिसायला मजबूत असते, पण ओल्या हाताने ती पेटीत खुपसली आणि कुठे टेकली तर मरण. तिथे प्लॅस्टिकच्या अंगाची किंवा डोक्याचीच वापरावी. आणि बॅटरी तोंडात धरून फ्यूज घालण्याची आपली जुनी सवय सोडावी, फ्यूजला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडावा.

पाण्याला किती टिकते हे आयपीच्या आकड्यावरून कळते. दोन आकड्यांतला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. शेवटी ४ असेल तर पावसाचे शिंतोडे सोसेल, ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास पडली तरी वाचेल. पाटात बॅटरी पडत नाही असा शेतकरी मी पाहिलेला नाही, तेव्हा ७ असलेली घ्यावी. चार्जिंगच्या भोकावरचे रबरी बूच मात्र रोज बसवायला हवे. बटण एकच असावे आणि चिखलाच्या बोटाने दबावे. लुकलुकणारे पाच-सहा प्रकार ऐन वेळी घोळ घालतात.

ट्रॅक्टर आणि जीप

ट्रॅक्टरला रात्रीच्या नांगरटीसाठी जुना ५५ वॅटचा हॅलोजन लावला तर तो बाराच्या बॅटरीतून साडेचार अँपिअरच्या वर ओढतो. १८ वॅटचा एलईडी कामाचा दिवा दीड अँपिअरवर भागवतो. इंजिन बंद करून ट्रॉलीचा पाटा बसवायचा असेल तर हा फरक मोठाच. वायरीत फ्यूज घालावा आणि वायर सायलेन्सरपासून लांबून न्यावी. मात्र हे दिवे रानातले आहेत. डांबरी रस्त्यावर लागताच बंद करावेत. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपून तो खड्ड्यात गेला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये नुसता एलईडी बल्ब बसवण्यानेही तेच होते. त्या काचेची आणि परावर्तकाची घडण तारेच्या बल्बसाठी असते, त्यामुळे उजेड रस्त्यावर पडायचा तो चहूकडे फाकतो.

गळितात उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याकडेला उभी राहते, तेव्हा मागच्याला ती दिसायला हवी. रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिखलाने झाकलेल्या असतील तर त्यांचा उपयोग शून्य. पट्ट्या पुसाव्यात, लाल त्रिकोण मागे अंतरावर ठेवावा आणि मागे लाल लुकलुकणारा दिवा असलेली एक बॅटरी ट्रॅक्टरवर कायम असू द्यावी. जीपमध्ये ती डॅशबोर्डवर टाकू नका. मे महिन्यात बंद गाडीत तिथे इतकी उष्णता होते की लिथियमचा सेल फुगतो. सीटखाली ठेवावी. सहा-सहा महिने नुसती पडून राहणारी असेल, तर साधे सेल बाहेर काढून शेजारी ठेवावेत. आत राहिले की पाझरतात, पांढरी भुकटी जमते आणि बॅटरी वाया जाते.

ग्रामपंचायतींनीही याकडे बघायला हवे. पाणीपुरवठ्याचा माणूस, पोलीस पाटील, कोतवाल यांना रात्री-अपरात्री जावे लागते, आणि अनेक ठिकाणी ते स्वतःच्या मोबाईलच्या उजेडावर जातात. दोन-चार चांगल्या बॅटऱ्या, चार्जिंगची एक ठरलेली जागा आणि कोणी कधी नेली याची वही, एवढा खर्च कुठल्याही पंचायतीला पेलतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या पुरात कित्येक गावांत दिवसचे दिवस लाईट नव्हती. अशा वेळी चार्जिंगच्या बॅटऱ्या दुसऱ्या रात्रीच निकामी होतात. म्हणून नदीकाठच्या पंचायतीने साध्या सेलवर चालणाऱ्या एलईडी बॅटऱ्याही ठेवाव्यात आणि सेल पावसाळ्याआधी बदलावेत.

चुलतभावाकडे आता दोन बॅटऱ्या आहेत, एक कमरेला आणि एक खिशात. जुनी फुगलेली त्याने उकिरड्यावर टाकली होती, ती मी उचलायला लावली. लिथियमचा सेल चेपला तर पेट घेतो, आणि शिशाच्या बॅटरीतले विष शेणखताबरोबर रानात जाते. जुने सेल आणि बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी परत घेता का, हे दुकानदाराला विचारावे.