रातांधळ्या मुलांचं कोडं

तिन्हीसांजा झाल्या की खेळतं मूल एकाएकी कोपरा धरून बसतं, ताटातला घास हातानं चाचपडत शोधतं. रातांधळेपणाची ही खूण डॉक्टरांच्या आधी आईला कळते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा ठिपका दिसू लागला, तर 'अ' जीवनसत्त्वाची उणीव पक्की समजावी.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्फ्रेड सॉमर हे अमेरिकी नेत्रतज्ज्ञ इंडोनेशियातल्या बांडुंगला राहून याच आजाराचा अभ्यास करत होते. स्थानिक सहकाऱ्यांसह त्यांनी सहा गावांतली जवळपास साडेतीन हजार मुलं दीड वर्ष, दर तीन महिन्यांनी तपासली. मुलं आंधळी का होतात, एवढाच प्रश्न होता. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तीच आकडेवारी चाळताना भलतंच काही समोर आलं. दृष्टी किंचित अधू झालेली मुलं निरोगी डोळ्यांच्या मुलांपेक्षा सरासरी चौपट प्रमाणात दगावली होती!

डोळ्यांचा आणि मरणाचा संबंध काय? अंधुक उजेडात पाहायला लागणारं द्रव्य डोळ्याचा पडदा 'अ' जीवनसत्त्वापासूनच बनवतो. पण श्वासनलिकेचं नि आतड्याचं आतलं अस्तर शाबूत ठेवायला, रोगाशी झुंजायलाही तेच लागतं. ते आटलं की साधी हगवण किंवा गोवरही मुलाच्या जिवावर बेततो. डोळे फक्त आधी सांगतात.

मग सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचे प्रांतात, ४५० गावं निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी गावं ठरवून तिथल्या मुलांना सहा महिन्यांच्या अंतरानं प्रत्येकी दोन लाख युनिटांची कॅप्सूल दिली. १९८६ साली निष्कर्ष छापून आला: बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. दोन कॅप्सुलांनी! अनेक तज्ज्ञांचा विश्वास बसेना. पण नेपाळमधल्या चाचण्यांत मृत्यू घटलेच, आणि तमिळनाडूत दर आठवड्याला लहान मात्रा देऊन ते निम्म्याहून कमी झाले. पुढे उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या चाचणीत मात्र फायदा जेमतेम दिसला आणि वाद पुन्हा पेटला. माझ्या मते यात विसंगती नाही. जिथं उपासमार नि गोवर जास्त, तिथं या औषधाचा गुण जास्त.

आपल्याकडे पहिला डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर मिळतो, नंतर पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. घरात लहान मूल असेल तर लसीकरणाचं कार्ड आजच काढून पाहा, आणि एखादा डोस राहिला असेल तर आशाताईंना विचारा.