निर्यातीची द्राक्षे आणि मजुरांचे हात

निफाड, दिंडोरीकडे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाण्याच्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या बागांत उतरतात. काडीवरील डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण लावले जाते. पुष्कळ ठिकाणी हे काम फडक्याने, उघड्या हातांनीच उरकण्यात येते.

या द्रावणाने कातडी भाजते. शिवाय ते अंगात भिनले असता मद्य घेतल्यास चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो व प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून कामाच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यावर आठवडाभर मद्य वर्ज्य समजावे. बाटलीवरील बारीक अक्षरांतील सूचना मजुरांपर्यंत पोचत नाही. ती बागायतदाराने त्यांच्या बोलीत समजावून द्यावी. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, साबण व पाणी पुरविणे हे मालकाचेच कर्तव्य होय. त्याचा खर्च मजुरीतून कापणे गैर आहे.

२०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात द्राक्षांची पाठवणी अडली. त्यानंतर घडांची तपासणी काटेकोर झाली. घड हाताळणाऱ्यांची तशी विचारपूस मात्र क्वचितच होते.

विरळणी व प्रतवारी ही बहुतांशी स्त्रियांची कामे. घड देठाने उचलणे, मण्यांवरील पांढुरका थर पुसू न देणे हे कसब त्या आत्मसात करतात. तरी मजुरी पुष्कळदा पुरुषांहून कमी. समान कामास समान वेतन हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने घालून दिले व २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. काम एकरी उक्ते दिले तरी प्रत्येकीच्या हाती किती पडले, हे बागायतदाराने मुकादमाची वही मागवून स्वतः पाहावे.