विश्लेषण : ‘स्कॉर्पिओ’ चालली, मग ‘नॅनो’ का नाही?

जून 2002 मध्ये ‘स्कॉर्पिओ’ बाजारात आली. जीप आणि ट्रॅक्टरसाठी ओळखल्या जाणाऱ्या महिंद्राने ती सुमारे 600 कोटी रुपयांत उभी केली. परदेशी कंपन्या नव्या गाडीवर याच्या कित्येक पट खर्च करत.

हे जमले कसे?

एरवी डिझाइन विभागाचे नकाशे कारखान्यात जातात, भाग बसत नाही म्हणून परत येतात. खरेदी विभागाला तर सगळे शेवटी कळते. वर्षे जातात ती या फेऱ्यांत. महिंद्राने पवन गोएंका यांच्या देखरेखीखाली या सर्व विभागांतील माणसे एकाच गटात आणली. अनेक भागांचा विकास पुरवठादारांवर सोपवला. यात जोखीम मोठी; एकजण चुकला तरी गाडी अडणार. ग्राहक मात्र आधीच पक्का होता : मोटारीच्या किमतीत दणकट गाडी हवी असलेला शहरी माणूस.

‘नॅनो’चे काय चुकले?

गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील चमूने अभियांत्रिकीत कमाल केली. सिंगूरचा वाद आडवा आला, हे खरे. पण 2009 मध्ये आलेली ही गाडी ‘सर्वात स्वस्त’ म्हणून ओळखली गेली, आणि दुचाकी सोडून मोटार घेणाऱ्याला नेमका तोच शिक्का नको होता. तशी जाहिरात चुकलीच, असे रतन टाटा यांनीही पुढे सांगितले. 2018 मध्ये उत्पादन जवळपास थांबले.